बोनेटखालचा डोळा

गॅरेजवाल्याच्या घरात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक काळी फडकी आणि दुसरे किस्से. फडकी निदान डिझेलमध्ये बुचकळून धुता येतात. किस्से एकावर एक साठतच राहतात, आणि आमच्याकडचे झाडून सगळे एकाच वाणाचे, संशयाचे! गिऱ्हाइकाला मिस्त्रीचा संशय, मिस्त्रीला पार्टवाल्याचा, पार्टवाल्याला कंपनीचा. आणि मला? मला सगळ्यांचाच. काउंटरवर बसणाऱ्या बाईने कोणावर विश्वास ठेवायचा नसतो, ठेवला की गॅरेजातले पाने गायब होतात.

आमचं गॅरेज गडब गावात, हायवेला लागून. डिझेलच्या पिकअप आणि टेम्पो, एवढंच काम. गाडीखाली आमचे हे. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, गॅरेजात मीपण मिस्त्रीच म्हणते, घरी काय म्हणते ते विचारू नका. हा माणूस इतकं कमी बोलतो की नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, ह्यांना ऐकायलाच येत नसावं. त्यामुळे त्यांच्या वाटणीचं बोलणं माझ्यावर पडलंय. मी ते आनंदाने करते.

*

रोह्याहून एक भाऊ यायचे. वाल-तांदळाचा धंदा, एक जुना टेम्पो, आणि एक ठाम समजूत. ती अशी की गिऱ्हाइकाची पाठ वळली रे वळली की मिस्त्री बॅटरी बदलतो. म्हणून टेम्पो लावला की भाऊ समोर स्टूल टाकून बसणार. चहा तिथेच, पेपर तिथेच. पेपर वाचतानासुद्धा तो जरा खाली धरून वरून बघायचे.

एकदा काम लांबलं आणि भाऊंना भूक आवरेना. समोरच्या हॉटेलात मिसळ खायला उठले, रस्त्यापर्यंत गेले, थांबले आणि माघारी आले. मला वाटलं चष्मा विसरला असेल. भाऊंनी पाना मागितला, स्वतःच्या हातांनी बॅटरी काढली, आणि ती पोटाशी धरून, धापा टाकत, हायवे ओलांडून हॉटेलात गेले. बॅटरी बाकावर ठेवली आणि शेजारी स्वतः बसले.

हॉटेलवाल्याने दोघांकडे बघून विचारलं, "भाऊ, हिला पण पाव देऊ का?"

भाऊंनी रागावून मिसळ अर्धी टाकली. पण बॅटरी टाकली नाही हो.

*

आता असल्या लोकांसाठीच आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुना पार्ट काढला की तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. नाहीतर त्याला वाटतं, मिस्त्रीने तोच धुऊन पुसून परत बसवला. लोक ते भंगार गोणीत घालून घरी नेतात आणि माळ्यावर ठेवतात. कशाला ठेवतात ते त्यांनाही माहीत नाही. पण गोणी हातात आली की जिवाला बरं वाटतं.

ह्या गोणीवाल्यांचा राजा म्हणजे हमरापूरचा बाळाराम. त्याची पिकअप. हंगामात गणपतीच्या कारखान्यांमधून मूर्ती भरायच्या आणि रोह्यापर्यंत, त्याच्याही पुढे पोचवायच्या. त्याची बायको मंदा आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. रंग कोणीपण लावतो, पण डोळा सगळ्यांच्या हाताला जमत नाही. मंदाने काढलेल्या डोळ्यांसमोर उभं राहून खोटं बोलायला माझीसुद्धा जीभ चाचरेल.

तर गणपती जवळ आले आणि बाळारामची गाडी पाणी प्यायला लागली. सकाळी रेडिएटरची बाटली भरून निघावं तर संध्याकाळी निम्मी. गाडीखाली बघावं तर एक थेंब नाही. बाळारामने विचार केला आणि निष्कर्ष काढला की पाणी चोरीला जातंय.

पहिला संशय शेजाऱ्यावर, कारण त्याचीपण तसलीच पिकअप. बाळारामने बोनेटला कडी जोडून घेतली आणि कुलूप ठोकलं. किल्ली कुठे? कमरेच्या करगोट्याला! पाणी कमी होतंच राहिलं. मग शेजाऱ्याकडे डुप्लिकेट किल्ली असणार म्हणून कुलूप बदललं. तरी पाणी कमीच. एकदा भर हायवेवर इंजिन तापलं, बोनेटमधून वाफ यायला लागली, आणि बाळाराम रस्त्याच्या कडेला उभा राहून पँट सैल करतोय! मागून येणाऱ्या एसटीतल्या बायकांनी माना फिरवल्या म्हणे.

शेवटी मंदा त्याला म्हणाली, "अवो, पाणी नेतो नि बॅटरी ठेवतो, असा कुठला चोर?"

बाळाराम ह्यावर रात्रभर विचार करत असणार. कारण सकाळी त्याला उत्तर सापडलं होतं. ज्याला बॅटरी नकोय, पण गाडी पुन्हा पुन्हा यायला हवी आहे, असा चोर. म्हणजे गॅरेजवाला.

*

तो आला तोच गाल फुगवून. वहिनी म्हणून नेहमी हाक मारणारा माणूस, त्या दिवशी मला नुसता "ओ" म्हणाला.

मिस्त्रींनी गाडी चालू केली, मागे जाऊन उभे राहिले. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. त्यात हात धरला, हाताचा वास घेतला, आणि म्हणाले, "कूलर बदलायला लागंल. दोन्ही." एवढं बोलून हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली गेले.

संपलं! ह्या एका वाक्याने आमचं वाटोळं व्हायची वेळ आली.

आता तुम्हाला समजावून सांगते, कारण बाळारामने मला ती संधीच दिली नाही. आजकालच्या डिझेल गाडीत थोडा धूर बाहेर न सोडता परत इंजिनात घेतात. तो धूर तापलेला असतो, म्हणून त्याला पाण्याच्या कूलरमधून फिरवतात. बाळारामच्या गाडीतला तो कूलर आतून फुटला होता. पाणी धुरात मिसळून वाफ होऊन मागून निघून जात होतं, मग खाली थेंब कुठून पडणार? आणि तो फुटला कशाने? तर त्याच्याआधी इंजिन ऑइलचा दुसरा एक कूलर असतो. त्याच्या बारीक जाळीत गाळ बसला होता, त्यामुळे पुढे पाणीच धड पोचत नव्हतं. एकटा धुराचा कूलर बदलला, तर नवापण तसाच फुटणार. म्हणून दोन्ही.

पण बाळारामला कूलर म्हणजे एकच माहीत. उन्हाळ्यात खिडकीत लावतात तो, वाळ्याच्या ताट्यांचा!

तो तडक हमरापूरला गेला आणि कारखान्या-कारखान्यांतून सांगत सुटला की गडबला माझ्या गाडीत दोन कूलर बसवायला सांगतात. "माझे घरात एक पंखा हाय, तो पण हात लावल्याबिगर फिरत नाय. नि गाडीला दोन दोन कूलर?"

हमरापूर पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवशी एक पिकअपवाला गाडीतूनच ओरडून गेला की वहिनी, माझ्या गाडीत फ्रिज बसवून द्या. मीपण हसले. पण मग हमरापूरच्या गाड्या यायच्या थांबल्या. हॉर्न वाजवायच्या आणि पुढे निघून जायच्या. गणपतीच्या आधीचा हंगाम म्हणजे आमचं वर्ष असतं. गॅरेजात शुकशुकाट, आणि मिस्त्री आपले एकच पाना पुसत बसलेत. मला त्या दिवसांत रडू यायचं आणि रागही यायचा. अहो, चार शब्द जास्त बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?

*

मग बाळारामची गाडी रोह्याच्या अलीकडे उकळून बंद पडली. मागे हा एवढा मोठा मंडळाचा गणपती! त्याला दुसऱ्या गाडीत चढवताना सोंडेला धक्का लागता लागता राहिला. बाळाराम गाडी टोचन करून, दोरीने ओढत, आमच्या दारात घेऊन आला. दुसरीकडे कुठे नेणार, गडबच वाटेत होतं.

मिस्त्रींनी ह्या वेळी बरंच बोलून दाखवलं. म्हणाले, ह्या गाडीला आता धुराचा सुधारित कूलर मिळतो, जाड नळ्यांचा, तोच घालू. बाळारामला तिथेही संशय.

"मग कंपनीने आधीच जाड का नाय घातला? कंपनीला अक्कल नाय?"

मिस्त्री म्हणाले, "कंपनीने पाण्यासाठी बनवला. तू त्याला मचूळ पाजलंस."

खरंच होतं ते. बाळाराम खारेपाटात, खाडीकाठच्या गावांत, फेरी मारायचा तेव्हा दिसेल त्या विहिरीचं पाणी गाडीत ओतायचा. माणूस ज्या पाण्याने चूळ भरणार नाही, ते गाडीला! पार्ट यायचे होते, म्हणून गाडी गार झाल्यावर पाणी भरून बाळाराम ती घरी घेऊन निघाला, पण जाताना माझ्यासमोर बोट नाचवून गेला. उद्या सकाळी गाडी देतो, पण एक पार्ट जरी इकडचा तिकडे झाला तर हमरापूरची एक गाडी पुन्हा गडबला थांबणार नाही. आणि हे तो नुसतं बोलत नव्हता.

*

पार्ट आणायला आम्ही दोघं रोह्याला गेलो. मिस्त्रींना कुरिअरच्या खोक्यावर भरवसा नाही, आणि मला मिस्त्रींच्या घासाघिशीवर नाही.

रोह्याच्या दुकानात मिस्त्रींनी नवा कूलर हातात घेतला. टॉर्च मारून आत बघितलं, वास घेतला, कानाशी धरून हलवला, मग बोटाने टिचक्या मारल्या. दुकानदार बघत होता. म्हणाला, "मिस्त्री, कलिंगड घेताय का?"

मी सरळ विचारलं की शेठ, ओरिजिनल ना?

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, मी ओरिजिनल. पार्टचं तुम्ही बघा."

माणूस खरं बोलला म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला. येताना सगळी वाट ते खोकं मी मांडीवर घेऊन बसले.

*

सकाळी बाळाराम गाडी ठेवून गेला. मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि पटकन मागे सरकले. मला वाटलं साप निघाला.

मी जाऊन बघितलं, तर आतून डोळे बघतायत!

बॅटरीवर डोळा, डायनामोवर डोळा, स्टार्टरवर डोळा, दोन्ही कूलरांवर डोळा. बाळारामने रात्री एकेक पार्ट पुसून दिला होता आणि मंदाने त्याच्यावर आखणी केली होती. तेलरंगात, पापण्यांसकट, मूर्तीला काढते तशीच. पार्ट बदलला तर डोळा जाईल, अशी ती युक्ती. मी इतकी संशयी बाई, पण हे मला कधी सुचलं नाही. मनातल्या मनात मी बाळारामला हात जोडले.

मिस्त्रींची मात्र पंचाईत. पाना घेऊन उभे राहिले आणि हात पुढे जाईना. म्हणाले, "डोळ्यासमोर पाना कसा चालवू?"

मी म्हटलं, "अहो, बॅटरी आहे ती, विघ्नहर्ता नाही."

पण नाही. घरातून धुतलेली फडकी आणली आणि एकेका डोळ्यावर अलगद झाकली. कारखान्यात मूर्तीचा चेहरा झाकून ठेवतात तशी. मग कामाला लागले. चपलापण बाहेर काढल्या होत्या.

*

दुपारी मी घरात आले तर माझं वाल भिजत घालायचं पातेलं गायब. शोधत गॅरेजात गेले. पातेल्यात पाणी, पाण्यात धुराचा जुना कूलर, मिस्त्री एका बाजूने हवा मारतायत आणि कूलरमधून बुडबुडे येतायत! फुटल्याची खात्री अशी करतात म्हणे. मग तिथेच नवा बुडवला, त्यातून एक बुडबुडा आला नाही. बाजूला ऑइलचा जुना कूलर बाहेरून डिझेलने चकचकीत धुऊन ठेवलेला, आतला गाळ दिसावा म्हणून. मी एवढंच विचारलं की आता ह्या पातेल्यात वाल शिजवू की इंजिन? मिस्त्री मान खाली घालून पातेलं घासायला बसले. मला जरा बरं वाटलं.

पण संध्याकाळी आरशासमोर गेले, तर माझी काजळाची डबी नाही.

आता आमच्या घरात काजळ घालणारी मी एकटी. घरचं काजळ, कापूर घालून केलेलं. सगळीकडे शोधलं. मिस्त्रींना विचारलं, तर "मला काय माहीत" म्हणाले. ते तीन शब्द जरा घाईने आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या रात्री माझ्या डोक्यात नको नको ते आलं. कोणाला दिलं असेल हो ह्यांनी काजळ? मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी बाळाराम आला. एकटा नाही, हमरापूरचे दोन पिकअपवाले साक्षीला घेऊन. आणि मंदाला घेऊन, आपला हात ओळखायला.

मंदा फारसं बोलणारी नाही. टॉर्च घेऊन बोनेटमध्ये वाकली. बॅटरी बघितली, मान हलवली. डायनामो, स्टार्टर, मान हलवली. मग बाळारामने जुन्या मालाची गोणी काउंटरवर मोकळी केली. धुराचा कूलर निघाला, त्यावर डोळा जसाच्या तसा. मग ऑइलचा कूलर निघाला.

त्यावरही डोळा होता. पण काय तो डोळा! एक कोपरा वर, एक खाली. पापण्या म्हणजे फणीचे दात. बुबुळ बाहेर आलेलं, चिंबोरीच्या डोळ्यासारखं. मंदाचा डोळा आणि तो डोळा शेजारी शेजारी पडले होते. तेवढ्यात मला दिसलं की मिस्त्री पाने नंबराप्रमाणे लावतायत. ह्या माणसाने जन्मात पाने नंबराप्रमाणे लावले नव्हते. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. काळा होता, पण तो लग्नापासून काळाच आहे.

पिकअपवाले एकमेकांकडे बघायला लागले. बाळाराम हळूच म्हणाला, "मंदे, ह्यो डोळा तुझा हाय का?"

मंदाने बोट लावलं. बोट काळं झालं. तेलरंग एव्हाना वाळायला हवा होता. तिने बोट नाकाशी नेलं, आणि मग वर बघितलं. बाळारामकडे नाही, मिस्त्रींकडेही नाही. माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत त्या दिवशी काजळ नव्हतं.

मी देवाशप्पथ सांगते, गॅरेजात हवेचा कॉम्प्रेसर चालू होता तरी मला काही ऐकू येत नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर काय सांगणार होते मी? की धुताना पुसला गेला आणि घाबरून ह्यांनी परत काढला? कोणी ऐकलं असतं?

मंदाने बोट पदराच्या आतल्या बाजूला पुसलं.

"माझाच हाय," ती म्हणाली. "काढताना लाइट गेलती."

"तरीच!" बाळाराम म्हणाला आणि गोणीचं तोंड बांधलं.

साक्षीला आलेल्या दोघांतला एक जरा घुटमळला. मिस्त्रींजवळ जाऊन म्हणाला की माझीपण गाडी थोडी थोडी पाणी पिते, बघाल का? पुढचा आठवडाभर आमच्याकडे गाडी लावायला जागा नव्हती. कुलूप लावलेली बोनेटं आणखी निघाली त्यात.

आणि माझी काजळाची डबी, मंदा येऊन गेली त्याच रात्री, आरशासमोर परत आली होती. झाकणावर ग्रीसचा अंगठा. मी काही विचारलं नाही. नवं काजळ मात्र केलं, जुन्याला डिझेलचा वास येत होता.

*

गणपती होऊन गेले. बाळारामची गाडी रोहा करत राहिली, बाटलीतलं पाणी जिथल्या तिथे. दिवाळीनंतर तो ऑइल बदलायला आला. आता मला पुन्हा वहिनी म्हणतो. बोनेटचं कुलूप काढून टाकलं होतं. मी विचारलं, ते डोळे आहेत का अजून? म्हणाला, नाय वहिनी, सगळे पुसून टाकले. आता कशाला संशय? आणि चहा प्यायला समोर गेला. बॅटरी न घेता!

मिस्त्रींचे हात तेलात होते, म्हणून टॉर्च मी धरला. आत खरंच सगळं साफ होतं. मी सवयीप्रमाणे सगळीकडे उजेड फिरवला, आणि नव्या ऑइल कूलरवर आला तेव्हा थांबले.

तिथे एक डोळा होता. एकच. ताजा, तेलरंगातला, रेघ अशी की बघत राहावी. मंदाचा हात, त्यात शंकाच नाही. फक्त तो डोळा उघडा नव्हता. पापणी खाली घेतलेली, आणि कोपऱ्यात एक बारीकशी सुरकुती.

मिस्त्रींनी बघितलं आणि त्यांचे कान लाल झाले.

मी टॉर्च हलवला नाही. म्हटलं, "अहो, हा मिटलाय की मारलाय? आणि मारलाय तर कोणाला, तुम्हाला की मला?"

मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. आत गेले, हात धुतले, एक धुतलेलं फडकं घेऊन आले, आणि त्याच्यावर अलगद झाकलं.